पेशा : दोरीने दिवा सोडणे

ज्वारी काढणीला आली की माझे तळहात खाजायला लागतात. बीडमध्ये, कोर्टासमोरच्या टेबलाशी, पंख्याखाली बसल्या बसल्या. तीस वर्षं झाली मी कुणाच्या रानात पात धरलेली नाही, तरी या हातांना कोण कळवतं देव जाणे. रस्त्याने कडब्याच्या गाड्या जायला लागतात, त्यांच्यामागे वाळक्या पानांचा सडा पडतो, बसस्टँडकडून येणाऱ्या धुरळ्यात तो कोरडा, गोडसर वास मिसळतो, आणि मी आपली टेबलाच्या कडेला हात घासत बसते. समोर बसलेला माणूस विचारतो, मॅडम, काही झालं का? सुगी आली, एवढंच म्हणते मी. त्याला पटतं. इथे ते कुणालाही पटतं.

यंदा सुगीबरोबर शिरगणतीचंही बोलणं सुरू झालंय. माझ्याकडे झेरॉक्स काढायला येणारे मास्तर लोक आतापासून कपाळाला हात लावून बसलेत. आता सगळं मोबाईलवर भरायचं म्हणे. भरा बापडे. मी मात्र त्यातल्या एकाच प्रश्नाची वाट बघतेय. तुम्ही काय करता?

हा प्रश्न मी स्वतः रोज दहा-वीस जणांना विचारते. माझं कामच ते. प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. नाव झालं की व्यवसाय. काय लिहू? पुरुष क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, शेती लिवा. त्याची पिठाची गिरणी असते, जीप असते, नाहीतर तो लग्नात सनई वाजवतो. तरी शेतीच. बाई आपल्या नवऱ्याकडे बघते आणि नवरा म्हणतो, घरकाम. ती पाच महिने उसाच्या फडावर मोळ्या बांधून परवाच परतलेली असते, बोटांवरच्या चिरा अजून भरलेल्या नसतात. मी घरकाम टाइप करते. एकदा एक म्हातारी आली होती. तिच्या हातून गावातली शेकडो बाळंतपणं झालेली, सोबत आलेली तिची सूनच हे कौतुकाने सांगत होती. व्यवसाय काय लिहू विचारलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, घरकाम. मी लिहिलं. चहा गार होत होता, मागे रांग होती. आता आठवलं की माझी मलाच चीड येते.

ती चीड मला लावली दोन वर्षांमागच्या सुगीने.

त्या हंगामात अख्खा जिल्हा जुन्या नोंदी शोधत होता. ज्याला त्याला आज्या-पणज्याच्या जातीचा पुरावा पाहिजे होता, पोरांच्या दाखल्यासाठी. कपाटांवरची धूळ खाली आली. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे म्हातारे एकाएकी मोठे झाले. माझ्या टेबलापासून चार पावलांवर, लिंबाखाली, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले हबीब सर भिंग घेऊन बसायचे. चहाशिवाय कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, आणि चहाही बिनसाखरेचा. लोक त्यांच्यापुढे मोबाईल धरून उभे असायचे. सर डोळे बारीक करून वाचायचे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा फुलायचा नाहीतर पडायचा. मी टाइप करता करता ते बघायचे. फुकटची करमणूक होती, खोटं कशाला बोलू.

अशात एक दिवस दिगंबर आला. माझा चुलत भाऊ. घाटनांदूरपासून आत आमचं गाव आहे, तिथे तो शेती बघतो. त्याच्या पोरीचा प्रवेश अडला होता. आमच्या गावाच्या खानेशुमारीच्या वहीचे फोटो त्याने कुठून तरी मिळवले होते. खानेशुमारी म्हणजे निजामाच्या काळातली घरोघरची मोजणी. घर नंबर, माणसं, जात, पेशा, सगळं उर्दूत. सरांनी भिंग लावलं आणि आमच्या घराची ओळ वाचली. घराचा मुख्य, सटवा वल्द लिंबा, म्हणजे लिंबाचा मुलगा सटवा.

दिगंबरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सटवा म्हणजे आमचा पणजोबा, आणि हे नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत सगळीकडे आहे, पण आमच्यात कुणाला सटवा ठेवलं नाही. कारण तो चोर होता. गावच्या मालकाच्या पेवात ज्वारी चोरायला उतरला आणि आतच गुदमरून मेला. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, एवढंच मला ठाऊक होतं. पाहिलेलं कधी नाही, आणि विचारायची सोय नव्हती. तो शब्दच घरात बंद होता. बाहेर मात्र चालू होता. नळावर भांडण झालं की समोरची बाई हमखास म्हणायची, जा, तुमचं पेव बघा आधी. मग आमची आई घागर अर्धी भरलेली असली तरी उचलून घरी यायची.

आणि माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आण्णा उमेदीच्या काळात लोकांच्या खळ्यावर राबायला जायचे. दिवसभर बडवलेल्या कणसांचं कूस अंगभर, डोळे लाल. घरी निघताना ते खळ्याच्या मधोमध उभे राहायचे आणि धोतराचा सोगा सोडून सगळ्यांसमोर झटकायचे. मग टोपी काढून झटकायचे. मग बंडीचे खिसे बाहेर काढून दाखवायचे. कुणी मागितलेलं नसायचं. मालक उलट म्हणायचा, असू द्या हो. मी लहान होते, मला वाटायचं सगळे असंच करतात. मीही परकर झटकायचे. एकदा मैत्रिणीने विचारलं, तू हे कावून करतीस गं? तेव्हा मला कळलं, हे फक्त आमच्यातच करतात.

सर पुढे वाचत होते. जातीचा रकाना आला, दिगंबरला पाहिजे ते निघालं, त्याने सरांचे पाय धरले. मी मात्र शेजारच्या रकान्यात अडकले. इतर घरांपुढे काश्तकारी, मजदूरी, तेल घाणा, असं सरळ होतं. सटवापुढे सर थबकले. भिंग पुढे-मागे केलं. मग म्हणाले, "लिखा तो साफ है, शोभाबाई. रस्सी से चिराग उतारना. दोरीनं दिवा खाली सोडणं. बस, इतनाच."

मला आधी हसू आलं. हा काय धंदा झाला? दोरीने दिवा सोडायचा, कशात, कशासाठी? आणि त्याचं पोट कसं भरायचं? ज्या गावात रॉकेलची चिमणीसुद्धा दोन-चार घरांत असेल, तिथे दिव्याचा पेशा? पण अक्षर स्वच्छ होतं. लिहिणाऱ्याने थट्टा केलेली दिसत नव्हती.

दिगंबर म्हणाला, "आक्का, जातीचं आलं, बास झालं. पेशाचं काय लोणचं घालायचंय?" पण दोन दिवसांनी त्याचाच फोन. त्याला म्हणे उलगडा झाला होता. घाटनांदूरला रेल्वे आहे. सिग्नलचे दिवे वर चढवायचे, खाली उतरवायचे, त्याला माणूस लागत असणार. पणजोबा रेल्वेत होता! आवाजात एवढा आनंद, की जणू पास मिळाला. मी विचारलं, रेल्वे तेव्हा आली होती का रे? तो म्हणाला, बघतो. मग चार दिवस फोन नाही.

माझा जीव दीपमाळेवर होता. देवळासमोर दगडी दीपमाळ असते, वरून दोरीने पणत्या सोडत असतील. सरांना उरुसातले दिवे आठवले. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले, फार दुर्मीळ आहे, आणि फोटो मागून घेतला. पुढे काहीच कळवलं नाही. विहिरीत पडलेलं भांडं शोधायला दिवा सोडत असतील, असं भाजीवाली म्हणाली. मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटले. नवरा म्हणाला, आता कोर्टात अर्ज दे. खरं सांगते, त्या महिन्यात मला फार मजा आली. चोर म्हणून ज्याचं नाव गिळलं होतं, त्याच्या हातात कुणीतरी दोरी आणि दिवा दिला होता, आणि मला तो माणूस बघायचा होता. सगळ्यांत जास्त मला एका गोष्टीचं नवल वाटे. सरकारचा माणूस दारात आला, विचारलं, काय करतोस? हा सटवा बाकीच्यांसारखी मजुरीही करत असणार, ज्वारी उपटत असणार, गाडी हाकत असणार. त्यातलं काही सांगून मोकळा झाला असता. पण त्याने सांगितलं, दिवा सोडतो. म्हणजे त्याला ते काम आपलं वाटत असणार. त्याचा मान वाटत असणार.

आण्णांना मात्र यातलं काही सांगायचं नाही, हे दिगंबरचं आणि माझं ठरलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. जन्मभर एवढं झटकून झालेलं, आता पुन्हा त्या नावाची धूळ कशाला उडवायची? आम्ही अख्खं बीड पालथं घातलं, फक्त घरातल्या म्हाताऱ्याला सोडून. शहाणे म्हणून घेतो आम्ही.

मग रविवारी मी गावी गेले. दिगंबरची मळणी होती. आता खळं नाही, मळणीयंत्र रानातच येतं, घशात भुसा जातो आणि तासाभरात काम उरकतं. मध्येच यंत्राचा पट्टा तुटला. दिगंबर पट्टा आणायला घाटनांदूरला गेला आणि मी कडब्याच्या गंजीच्या सावलीत आण्णांजवळ बसले. आण्णा एक कणीस हातावर चोळून दाणे बघत होते. शांत वेळ होती. माझ्या डोक्यात ते दिव्याचं चालूच होतं, आणि जिभेवर ताबा नाही हा माझा जुना गुण. आण्णा, दोरीला बांधून दिवा खाली कुठं सोडतात हो, असं मी सहज विचारल्यासारखं विचारून गेले.

आण्णांनी वर बघितलंसुद्धा नाही. "पेवात," ते म्हणाले. "आजून कुठं?"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

मग ते सांगत गेले. हातातलं कणीस तसंच. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होते. गावच्या पांढरीत, घट्ट कोरड्या मातीत पेव खणायचं. तोंड माणूस कसाबसा जाईल एवढंच, पोट मात्र मोठं. आत चौफेर कडबा लावायचा, लिंबाचा पाला घालायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. दोन-दोन, तीन-तीन वर्षं. उघडताना खरी भीती. आत उबट वाफ कोंडलेली असते, तिला डोळ्याने बघता येत नाही. दगड काढून दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं. मग दोरीला दिवा बांधून हळूहळू खाली सोडायचा. तळाला जाऊन दिवा जळत राहिला तर माणूस उतरवायचा. विझला, तर मालक असो की मालकाचा बाप, कुणी पाय घालायचा नाही. हे काम सगळ्यांना जमत नसे. ज्याला ज्योतीची पारख आहे, जो घाई करत नाही, ज्याच्या शब्दावर बाकीचे उतरतात, अशाच एकाला बोलावत. दहा गावांत असा एखादाच. त्याचा शब्द चुकला तर दुसऱ्याचा जीव जायचा.

एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "तुला कावून पाहिजे हे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी मोबाईल काढला, फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. सरांनी काय वाचलं ते शब्द न शब्द सांगितलं. आण्णा त्या उलट्या लिपीकडे बघत राहिले. त्यांना मराठी वाचतानाही बोट लावावं लागतं. कणसातले दाणे त्यांच्या मांडीवर सांडले होते, त्यांचंही भान नव्हतं.

"म्हंजी दिवा सोडायला त्येलाच बोलवीत व्हते," ते स्वतःशीच म्हणाले. मग आणखी वेळाने, "आजी म्हणायची, वर काढला तवा कमरंला दोर व्हता. लोक म्हणले, ज्वारी वडून काढाया आणला आसंल. पोतं बांधायचा दोर कुणी आपल्या कमरंला बांधतंय का गं? कमरंला दोर बांधला म्हंजी वर धरणारं कुणीतरी पाहिजे."

मला एकदम रागच आला. वर कोण होतं? कुणी उतरवला त्याला? दिवा विझला असतानाही उतर म्हणाले का? आणि मेला म्हटल्यावर चोर ठरवून मोकळे झाले? मी तिथल्या तिथे उठले, मालकाच्या घरी जाऊन विचारते म्हणाले. आण्णांनी मला हाताने बसवलं. ते घर विकून तीस वर्षं झाली होती, नातवंडं पुण्याला. पेवांची जागा बुजवून तिथे पाण्याची टाकी उभी आहे. त्यांना काय माहीत असणार, आण्णा म्हणाले. आणि हेही म्हणाले, की कदाचित कुणी उतर म्हटलंही नसेल. आधी दुसरा कुणी आत घसरला असेल आणि हा त्याच्यामागे गेला असेल. आपल्याला कळायचं नाही. कागदावर ते नाही. तेवढ्यात दिगंबर पट्टा घेऊन आला, यंत्र सुरू झालं, आणि त्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं. मी परतीच्या बसमध्ये स्वतःला बोल लावत बसले, की म्हाताऱ्या माणसाला उगाच ढवळलं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळते. उत्तर आमच्याच घरात होतं. आमच्यातल्या प्रत्येकाने लाजेपोटी तो शब्द टाळला. पेव म्हणायचं नाही, मग पेव कसं उघडतात हे पुढच्या पिढीला कळणार कुठून? आणि ते कळलं नाही म्हणून दिवा कळला नाही. आण्णांना दिवा माहीत होता, पण आज्याचा पेशा माहीत नव्हता. आम्हाला पेशा कळला, पण दिवा माहीत नव्हता. एकमेकांचं मन जपत आम्ही शंभर वर्षं त्या माणसाला चोर ठेवलं.

आठवड्याने, दुपारी बारा-साडेबाराला, मी एका वारसाच्या अर्जात मान घालून बसले होते. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. आण्णा. धुवट धोतर, नवी टोपी, हातात पिशवी. एकटेच एसटीने आलेले. तीन-साडेतीन तासांचा प्रवास, मध्ये गाडी बदलून. मी पाणी दिलं, काय झालं विचारलं. काही झालं नाही म्हणाले. त्या मास्तरांना भेटायचं होतं.

मी त्यांना लिंबाखाली नेलं. पिशवीतली नवी ज्वारी त्यांनी सरांच्या पायाशी ठेवली. सर नको नको म्हणाले, मग आण्णांचा चेहरा बघून पिशवी जवळ ओढून घेतली. आण्णा म्हणाले, ती ओळ वाचून दाखवा. सरांनी वाचली. आण्णा म्हणाले, पुन्हा. सरांनी पुन्हा वाचली, आणि या वेळी प्रत्येक शब्द मराठीतही सांगितला. आण्णा पुढे वाकून ऐकत होते. मग त्यांनी घसा साफ केला. "साहेब, चोर असं कुठं लिव्हलंय का बघा."

मला खाली बघावंसं वाटलं. म्हणजे एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, की सरकारच्या कुठल्यातरी वहीत ते लिहिलेलं असणार, आणि कधीतरी कुणीतरी ते वाचणार.

सर हसले नाहीत. नाही म्हणून उडवूनही लावलं नाही. त्यांनी भिंग पुसलं आणि उजव्या कडेपासून एकेका रकान्यावर बोट ठेवत निघाले. हा घर नंबर. हे नाव. ही जात. हा पेशा. ही बायको. हा मुलगा केरबा, उमर पाच. शेरा कोरा. "कहीं नहीं है, आण्णासाहेब. कुठंच नाही."

केरबा म्हणजे आण्णांचे वडील. बाप गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, एवढंच ते मरेपर्यंत सांगायचे. आण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. मग त्यांनी विचारलं, त्याच्या बापाचं वय काय लिहिलंय?

"सटवा, उमर तीस," सर म्हणाले.

"तीस," आण्णा म्हणाले. "तवा पाच, मेला तवा सात. म्हंजी बत्तीस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे माझे वडील, डोळे गच्च भरलेले, आपल्या आज्याबद्दल म्हणाले, "लेकरू व्हतं की गं ते."